मॉसी शिंप्यावरचा आळ

आमच्या भागातल्या रेडिओवर सकाळी अकराच्या बातम्या संपल्या की मेलेल्यांची नावं वाचतात. माझ्या वयाची माणसं बातम्या या कानाने ऐकून त्या कानाने सोडतात, पण नावं मात्र चहाचा कप खाली ठेवून ऐकतात. गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी त्यात कोलमन टूहीचं नाव आलं. राहणार कोव्हेंट्री, इंग्लंड, मूळचे क्लूनाराचे. शनिवारी अकरा वाजता क्लूनाराच्या चर्चमध्ये प्रार्थना, मग दफन, त्यानंतर हॉलमध्ये चहा. मी कप उचलला तेव्हा चहा पार गार झाला होता.

मी अ‍ॅट्रॅक्टा हॅनरहान. चाळीस वर्षं इथल्या शाळेत लहान मुलांना शिकवलं, म्हणून क्लूनारात मला सगळे बाई म्हणतात. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर गावाने माझ्या गळ्यात जुन्या बाजारघराच्या माडीवरचं संग्रहालय बांधलं. दर शनिवारी दुपारी मी तिथे बसते. काचेच्या तीन पेट्या, भिंतीवर संघांचे फोटो आणि आजोबांचं नाव शोधत आलेले दोन-चार अमेरिकन, एवढाच काय तो कारभार. फोटोंखालच्या पाट्या माझ्या हातच्या. एकोणीसशे बासष्टच्या संघाच्या फोटोखाली मीच वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘कोलमन टूही, गैरहजर.’

का गैरहजर, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या काळी आमच्या खेळांच्या संघटनेचा एक नियम होता. आमचा काठी-चेंडूचा हर्लिंग खेळणाऱ्याने इंग्रजांचे खेळ खेळायचे नाहीत, आणि खेळायचं राहू द्या, बघायचेही नाहीत. शहरात सॉकरचा, म्हणजे इंग्रजांच्या फुटबॉलचा, सामना असला की संघटनेची माणसं फाटकाबाहेर कॉलर वर करून उभी राहत आणि आपल्यापैकी कोण आत जातं ते टिपून घेत. एकाहत्तर साली तो नियम गेला. आता आमच्याच क्लबच्या बारमध्ये टीव्हीवर इंग्लंडचा सॉकर लावलेला असतो आणि गावाला त्यात काहीच वावगं वाटत नाही. पण बासष्टमध्ये जिल्ह्याच्या फायनलच्या दोन आठवडे आधी कोलमनवर सहा महिन्यांची बंदी आली. तो सॉकर बघायला गेला होता, कोणीतरी चुगली केली होती. क्लूनारा तेव्हा पहिल्यांदाच फायनलला पोचलं होतं. कोलमनशिवाय उतरलं आणि एका पॉइंटने हरलं. तेव्हापासून पुन्हा कधी पोचलं नाही. आता तर पोरंच उरली नाहीत म्हणून आमचा क्लब शेजारच्या गावाच्या क्लबात मिसळून टाकलाय.

चुगली केली मॉसी कडिही शिंप्याने, असं गाव त्रेसष्ट वर्षं म्हणतंय. क्लबचा चेअरमन फिन्बार टूही, म्हणजे कोलमनचा पुतण्या, उन्हाळ्यात पाहुण्यांना गाव दाखवत फिरवतो. चौकात एका बंद दुकानापाशी थांबून तो सांगतो, "हे खबऱ्याचं दुकान." पाहुणे फोटो काढतात.

चुगली मी केली होती.

आता कसं झालं ते सांगते. मी एकोणीस वर्षांची होते. वडील क्लबचे सेक्रेटरी. कडक म्हणजे इतके कडक, की जेवणाआधीची प्रार्थनाही वेळेच्या आत संपलेली त्यांना चालायची नाही. माझं आणि कोलमनचं जमलं होतं, पण घरी सांगायची छाती नव्हती. सप्टेंबरमधल्या एका रविवारी, मठातल्या आत्याला भेटायला जाते असं सांगून मी बसने शहरात गेले. कोलमन आधीच्या बसने पुढे गेला होता. दोघांनी मिळून कुठे बसावं, जिथे ओळखीचं कुत्रंसुद्धा फिरकणार नाही? सॉकरच्या मैदानावर. ही अक्कल माझी. तो नको म्हणत होता. मीच त्याची थट्टा केली, एवढा दांडगा गडी आणि फाटकाला घाबरतोस होय, म्हणून. त्या दिवशी फाटकावर पाळतीचं कोणीही नव्हतं.

परतताना बसमध्ये आम्ही लांब लांब बसलो. पुढच्या बाकावर मॉसी शिंपी होता, मांडीवर कागदी पिशवी घेऊन. त्याने एकदा मागे वळून पाहिलं, आधी मला, मग कोलमनला, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत राहिला. गावाबाहेरच्या वळणावर उतरून आम्ही पाठोपाठ चालत आलो, तेव्हा कोलमन मला म्हणाला की फायनल बघायला डब्लिनहून एक माणूस येणार आहे. खेळ पसंत पडला तर तिकडच्या क्लबात जागा आणि चांगली नोकरी. तो इतका खुशीत होता की माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलंच नाही.

डब्लिनला गेलेला पोरगा क्लूनाराला परत येत नाही, हे मला कळत होतं. त्या एका रात्रीत मी मनाशी हिशेब मांडला. फायनल खेळलाच नाही तर डब्लिनचा माणूस त्याला बघणार नाही. मग तो इथेच राहील. सहा महिन्यांनी बंदी उठेल आणि आमचं लग्न होईल. गणितात मी पहिल्यापासून हुशार, असं सगळे म्हणत.

वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून क्लबची पत्रं ते सांगत आणि मी लिहीत असे. सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो असताना मी म्हटलं, "बाबा, कोलमन टूही काल सॉकरला होता."

तुला कसं कळलं, तू तिथे काय करत होतीस, असं त्यांनी काहीही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तू स्वतः पाहिलंस?"

"हो."

त्यांनी टेबलावरची दौत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "कागद घे."

जिल्ह्याच्या मंडळाला गेलेलं ते पत्र मी माझ्या हाताने लिहिलं. एक प्रत नेहमीप्रमाणे ड्रॉवरमध्ये गेली. आठवड्याभरात मंडळाचं उत्तर आलं आणि वडिलांनी ते भरलेल्या हॉलमध्ये भिंग धरून वाचून दाखवलं, जणू त्यांनाही ते नवीनच होतं. पत्रात होतं, की क्लूनाराच्याच एका विश्वासू व्यक्तीने हे स्वतः पाहिलेलं आहे. कोलमनने ते नाकारलं नाही. त्याच आठवड्यात गुरुवारी त्याने इंग्लंडची बोट पकडली. माझा हिशेब एवढाच टिकला.

लोकांनी मग शोध लावायला घेतला, त्या रविवारी शहरात कोण गेलं होतं. बसच्या ड्रायव्हरने कोलमनखेरीज दोन नावं सांगितली, मॉसी आणि मी. मी काय, सेक्रेटरीची मुलगी, मठात गेलेली. उरला मॉसी. त्याला विचारलं, कुठे गेला होतास? तो म्हणाला, कामाला. रविवारी कसलं काम, विचारल्यावर तो गप्प. त्याची बायको लिल तेव्हा शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात होती. गावाला सांगितलं होतं, बहिणीकडे गेली आहे म्हणून. वेड्यांच्या इस्पितळात माणूस असणं ही तेव्हा खबऱ्या असण्याएवढीच मोठी लाज होती आणि मॉसीने लिलची झाकून स्वतःवरची पत्करली. अजून एक गोष्ट तो बोलू शकला असता, की सेक्रेटरीची पोरगीही कोलमनबरोबर बसमध्ये होती. ती त्याने उच्चारली नाही.

त्याच्या दुकानात लोक यायचे थांबले. चर्चमध्ये तो ज्या बाकावर बसे ते बाक रिकामं होऊ लागलं, म्हणून तो मागे दाराशी उभा राहायला लागला. फायनलच्या जर्सीवरचे नंबर त्यानेच शिवले होते, ते सुद्धा फुकट. पुढे दुकानाला कुलूप लावून तो रोज बसने शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात जाऊ लागला. लिल त्या इस्पितळातून परत आलीच नाही. दोन वर्षांनी त्याचा मुलगा डिनी माझ्याच वर्गात आला. मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याभोवती फेर धरून खबऱ्या-खबऱ्या ओरडत. मी काय करायचे? टाळ्या वाजवून सगळ्यांना आत बोलवायचे आणि पाढे म्हणायला लावायचे. असल्या बाईला बाई म्हणतात.

मी पापाची कबुली दिली नाही असं नाही. फायनलनंतर आठवड्याभरातच चर्चच्या जाळीआड बसून पाद्रीबाबांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एका पॉइंटने हरलो गं." आणि मग, हे बाहेर कुठे बोलू नकोस, गाव फुटेल, असं बजावून तीन प्रार्थना म्हणायला सांगितल्या. मी त्या म्हटल्या. गाव फुटलं नाही, फक्त मॉसी मोडला.

नोव्हेंबरात कोलमनचं पत्र आलं. सॉकरच्या दिवसाची आठवण होती, कोव्हेंट्रीच्या कारखान्याबद्दल होतं, तू इकडे येतेस का असंही होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, ‘मॉसीनेच आपल्याला बसमध्ये पाहून सांगितलं असणार. त्याला म्हणावं माझा राग नाही. त्याच्या घरी आधीच पुष्कळ सोसणं आहे.’ हा निरोप मी मॉसीला कसा देणार होते? आणि तिकडे जाऊन या माणसाशेजारी जन्मभर काय तोंडाने झोपणार होते? मी उत्तर दिलं नाही. पत्र मात्र जपून ठेवलं. एकोणऐंशी साली वडील वारले. त्यांचा ड्रॉवर आवरताना माझ्या अक्षरातली ती प्रत हाताला लागली. ती मी चुलीत घातली. आता कधी कोणाला कळणार नाही, असं वाटून त्या दिवशी हलकं वाटलं, हेही लिहून ठेवते.

तर, रेडिओवर नाव ऐकलं त्याच दुपारी फिन्बार माझ्याकडे आला. काकांनी लिहून ठेवलंय, मला क्लूनारातच पुरा आणि शवपेटीवर आपली जर्सी ठेवा. संग्रहालयातली अकरा नंबरची जर्सी हवी होती, जी कोलमनने फायनलला घातलीच नाही. "आणि बाई, ती तुम्हीच ठेवायची," फिन्बार म्हणाला. "त्या काळचं आता तुम्ही एकट्याच उरलात." मी त्याला म्हटलं, हॉलमध्ये मला दोन मिनिटं बोलायचंय. त्याला वाटलं, म्हातारी आठवणी सांगणार. तो खूश झाला.

माझं हृदय आता भरवशाचं राहिलेलं नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. कोलमन मातीत गेला आणि पाठोपाठ मीही गेले, तर मॉसी कायमचा खबऱ्या राहणार होता. त्या चौकातल्या दुकानापुढे पाहुणे फोटो काढत राहणार होते. त्याचं नाव धुऊन काढायला मी एकटी शिल्लक होते. कोणी पुरावा मागितला तर? मी सामन्याला कोलमनबरोबर होते हे दाखवायला त्याचं पत्र पुरे, असं मला वाटलं. शुक्रवारी ते कपाटातल्या डब्यातून काढून पर्समध्ये ठेवलं. वाचून पाहिलं नाही. डोळे भरून येतात म्हणून कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं, आणि मनात उरलं होतं ते फक्त सॉकरचा दिवस आणि ‘तू येतेस का’.

शनिवारी बारीक पाऊस लागला होता. चर्चच्या दारापासून फाटकापर्यंत मिसळलेल्या क्लबची पोरं दोन रांगांत हर्लीच्या काठ्या धरून उभी होती. अंगावर परक्या रंगाची जाकिटं. कोलमन कोण, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नसेल. मी शवपेटीवर जर्सी पसरली. अकरा आकड्याचे टाके अजून एकसारखे होते, एकही उसवलेला नव्हता. मागे वळले तेव्हा दाराशी डिनी दिसला. अडुसष्ट वर्षांचा झालाय आता, आणि उभा बापाच्याच जागेवर.

हॉलमध्ये सूप झालं, सँडविच फिरली, आणि फिन्बारने चमच्याने कप वाजवून माझं नाव घेतलं. मी उठले आणि सगळं सांगितलं. सॉकर, बस, डब्लिन, वडील, पत्र. काही गाळलं नाही. शेवटी म्हटलं, "मॉसी कडिहीने कोणाला काहीही सांगितलं नाही. मी सांगितलं. त्याच्यावरचा आळ मी त्रेसष्ट वर्षं चालू दिला."

 मग फिन्बारने हळूच विचारलं, "बाई, ते मंडळाला गेलेलं पत्र, त्याची प्रत आहे का कुठे?"

"मी जाळली."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मी घाईघाईने पर्स उघडून कोलमनचं पत्र काढलं. "हे वाच. मी त्याच्याबरोबर होते, यात आहे."

फिन्बारने चष्मा लावून मोठ्याने वाचलं.  सॉकरचा दिवस, कोव्हेंट्री, कारखाना, तू येतेस का. आणि मग तो शेवटच्या ओळींवर आला. मॉसीनेच आपल्याला बसमध्ये पाहून सांगितलं असणार, त्याला म्हणावं माझा राग नाही.

 खरा कागद मी जाळून टाकला होता आणि खोटा जपून ठेवून, आपल्या हाताने आणून सगळ्यांपुढे ठेवला होता.

काही बायका रडायला लागल्या. शेजारच्या बाकावरची एक जण म्हणाली, केवढं हे मन, मेलेल्याचा दोष स्वतःवर घेतेय. दुसरी म्हणाली, वय झालं, गोंधळ होतो बिचारीचा. फिन्बारने मला धरून खुर्चीवर बसवलं. "बाई, दमलात तुम्ही," तो म्हणाला. "काकांनी त्याला माफ केलं होतं, आम्हीही केलं. चला, झालं ते झालं." मी डोकं हलवत राहिले, तेव्हा त्याने निकाल लावायचा म्हणून मागे पाहिलं. "डिनी, तू सांग. तुझे वडील याबद्दल कधी काही बोलले होते?"

कडिहींच्या घरातल्या माणसाला या गावाने या विषयावर पहिल्यांदाच काही विचारलं होतं. डिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, बोल, पोरा, बोल.

"माझा बाप त्या विषयावर कोणापुढे कधी बोलला नाही," तो म्हणाला. कप खाली ठेवला आणि टोपी घेऊन बाहेर गेला.

मी काठी टेकत त्याच्यामागे गेले. तो गाडीपाशी पावसात उभा होता.

"तुला खरं ठाऊक आहे," मी म्हटलं.

"हो, बाई. मरायच्या आदल्या आठवड्यात मला सांगितलं त्याने. तुम्हा दोघांना बसमध्ये पाहिलं होतं. म्हणाला, पोरगी लहान आहे, बापाला भीत असेल, जरा मोठी झाली की सांगेल." त्याने टोपी डोक्यावर ओढली. "एकतीस वर्षं वाट बघितली त्याने. दर रविवारी तुम्ही दारातून बाहेर पडायचात ना, तेव्हा तो टोपी काढायचा. ती का काढायचा वाटतं तुम्हाला?"

मला वाटायचं, चुगली माझी हे त्याला माहीत नाही म्हणून.

"मग आत्ता का नाही बोललास? त्याचं नाव साफ झालं असतं."

"कोणापुढे? त्याला वाळीत टाकणारे सगळे त्या भिंतीपलीकडे पुरलेत. आत बसलेत ते सँडविच संपलं की विसरतील. मी हो म्हटलं असतं तर आज एकाच माणसाचं ओझं उतरलं असतं."

"माझं."

"तुमचं. तो थांबला, बाई. तुम्हीही थांबा."

"मी ब्याऐंशी वर्षांची आहे, डिनी."

"ठाऊक आहे." त्याने गाडीचं दार उघडून धरलं. "बसा. पाऊस आहे, घरी सोडतो."

 दारापाशी त्याने उतरून मला पायरीपर्यंत हात दिला.

कोलमनचं पत्र फिन्बारने संग्रहालयासाठी मागून घेतलं. पत्र त्याच्या काकाचं, मी नाही कशी म्हणणार? मधल्या काचेच्या पेटीत, कोलमनबरोबर पुरलेल्या जर्सीच्या रिकाम्या जागेवर, ते ठेवलंय. पाटी तुमच्या सुंदर अक्षरात हवी, म्हणाला. मी लिहून दिली, ‘या पत्रातली शेवटची गोष्ट खरी नाही. मॉसी कडिहीने चुगली केली नव्हती. मी केली. अ‍ॅट्रॅक्टा हॅनरहान.’ त्याने ती वाचली, माझा हात हातात घेतला, पाटी खिशात घातली आणि पुढच्या शनिवारी आपली छापून आणली. ‘बंदीस कारणीभूत ठरलेल्या गावकऱ्याला क्षमा करणारे कोलमन टूही यांचे पत्र.’

मी अजून दर शनिवारी तिथे बसते. पाहुणे पेटीपाशी थांबले की उठून त्यांना खरं सांगते, पहिल्यापासून, काही न गाळता. ते ऐकून घेतात. एकदा माझ्याकडे बघतात, एकदा छापील पाटीकडे, आणि मग फिन्बार त्यांना दुकान दाखवायला चौकात घेऊन जातो.